उकिरड्यावरचा दिवा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर दोन वस्तू शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. तबकात चांदीचा रुपया आणि बाजूला नवी कोरी केरसुणी. रुपयाला हळदकुंकू वाहिलं की तितक्याच निगुतीने केरसुणीच्या मुठीलाही लावायचं. या चार दिवसांत बाजारात तिला कोणी केरसुणी म्हणत नाही. ‘एक लक्ष्मी द्या’ असं म्हणून ती मागायची आणि तिच्या किमतीवरून घासाघीस करायची नाही, हा आईने घालून दिलेला शिरस्ता. ज्या वस्तूने केर काढायचा तीच धनाची देवता म्हणून पाटावर बसवायची, ही कल्पना कुणाला प्रथम सुचली असेल कोण जाणे. मला ती आजही थक्क करते.

पण या पूजेचा उत्तरार्ध शहरात येता येता वाटेत कुठेतरी सांडला. आजोळी तो मी लहानपणी पाहिला आहे. पाडव्याच्या पहाटे, अजून तांबडं फुटायचं असताना, आजी सगळं घर आतून बाहेर झाडत यायची. माजघरातून ओटीवर, ओटीवरून अंगणात. तो केर एका फुटक्या सुपात भरायचा, त्यावर वर्षभर झिजून बोडकी झालेली जुनी केरसुणी आडवी टाकायची आणि वर एक पणती. बळीचं राज्य येवो असं पुटपुटत ते सूप घराबाहेर न्यायचं, आणि पणती ठेवायची ती उकिरड्यावर. अंधारात गावाच्या कडेने एकेका उकिरड्यावर एकेक मिणमिणता दिवा दिसायचा. घाणीवर दिवा कशाला लावायचा, असं मी एकदा आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, “घाण कुठाय त्यात? पुढच्या सालची जवारी हाय ती.”

उकिरडा हा शब्द आता आपण जवळजवळ शिवीसारखा वापरतो. शहरातल्या कचऱ्याच्या डोंगराला तो शब्द लावला जातो तेव्हा मला उकिरड्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. उकिरडा हा खड्डा होता आणि त्यात काय पडायचं हे ठरलेलं होतं. गोठ्यातलं शेण, दावणीत उरलेली वैरण, चुलीतली राख, भाज्यांची देठं, अंगणातला पालापाचोळा. पावसाळाभर ते कुजायचं, हिवाळ्यात मुरायचं आणि चैत्र-वैशाखात बैलगाड्या भरभरून रानात जायचं. मृग लागण्याआधी खड्डा रिकामा. उकिरड्याचेही दिवस बारा वर्षांनी पालटतात अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. खऱ्या उकिरड्याचे दिवस दर वर्षी पालटायचे.

यंदाच्या दिवाळीच्या निमित्ताने जे सांगावंसं वाटतं ते या रिकाम्या होणाऱ्या खड्ड्याबद्दल आहे. पर्यावरणाला कमी जाच होईल असं कसं जगावं, याच्या याद्या आता शाळेतल्या मुलांनाही पाठ आहेत. कापडी पिशवी घ्या, नळ बंद करा, दिवा मालवा. ते सगळं करावंच. पण आजीच्या गावाला यादी ठाऊक नव्हती. तिथे वस्तूला परतीची वाट होती. घरातून बाहेर पडलेली गोष्ट कुठे जाणार, कुणाच्या हातून जाणार आणि कोणत्या रूपात परत येणार, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. आपल्या घरातून रोज सकाळी बादली बाहेर जाते, तिच्याबद्दल आपल्याला यातलं काय माहीत असतं?

पुण्याची बादली वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांकडे गेली. तिथल्या विहिरींना कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने नासवलं. गावकऱ्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि दर वेळी पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली ती ‘शहरात कचराकोंडी’ अशी. कोंडी कुणाची झाली होती, हे त्या शब्दावरून कळत नसे. मुंबईचा देवनारचा डेपो १९२७ पासून कचरा घेत आला. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शंभरीला आलेला हा ढीग एकदाही रिकामा झालेला नाही. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास, पुष्कळदा निम्म्याहूनही जास्त, ओला कचरा असतो. तो प्लास्टिकखाली दबला, हवा मिळेनाशी झाली की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे दुधीची साल खड्ड्यात पडली तर जवारी, आणि डेपोत पडली तर विस्तवाला निमित्त. साल तीच.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या दुपारी मी आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात अर्धा-पाऊण तास बसले होते. तिथे पत्र्याच्या शेडखाली कचरा गोळा करणाऱ्या ताई वर्गवारी करतात. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस त्यांना कंबर सरळ करायला फुरसत नसते. सगळी घरं एकाच वेळी माळे उपसतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर सुक्या मेव्याच्या भेटीच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग होता. कंपन्या या दिवसांत एकमेकांना पाठवतात ती, मखमली झाकणाची खोकी. ताईंनी एक खोकं उचललं आणि काही न बोलता ते सोलायला घेतलं. मी पाहत राहिले.

आधी वरची सोनेरी फीत निघाली. ती बाजूला, तिला भाव नाही. मग झाकणाचं कापड, ते गोंदाने इतकं घट्ट बसवलेलं की नखाने ओरबाडावं लागलं. कापडाखाली स्पंजाचा पातळ थर, तो तुकड्या-तुकड्यांनी. झाकण बंद राहावं म्हणून कडेला दोन लोहचुंबकं, चिंचोक्याएवढी. आत सोनेरी रंगाचा प्लास्टिकचा साचा, सहा खणांचा. तो हातात घेऊन त्यांनी वाकवला; कडकन तुटला. “हा कुणी घेत न्हाई.” मग प्रत्येक खणातला चमकता कागद. सगळ्यात शेवटी राहिला तो पुठ्ठा, आणि त्यावरही बाहेरून प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला. “ह्याच्यामुळं पुठ्ठ्याचा भाव पडतो, काकू. साधा तपकिरी असता तर लगेच गेला असता.” एका खोक्यामागे त्यांची पाच-सहा मिनिटं गेली होती आणि त्यातून विकण्याजोगा निघाला हातभर पुठ्ठा. त्या खोक्यात काजू-बदाम अर्धा किलोसुद्धा नसतील.

ते खोकं बनवणाऱ्याने, भरणाऱ्याने, पाठवणाऱ्याने आणि माझ्यासारख्या घेणाऱ्याने त्या पाच मिनिटांचा विचार केलेला नव्हता. वस्तू घडवतानाच तिची परतीची वाट बंद करून टाकलेली होती, आणि ती नखांनी उकरून काढायचं काम एका बाईवर सोपवलं होतं. ताईंच्या शेडमध्ये बसल्यावर खरेदीकडे पाहायची नजर बदलते. साधा पुठ्ठा, काचेची बरणी, पत्र्याचा डबा यांना त्यांच्या जगात किंमत आहे. फरसाणाच्या चकचकीत पाकिटाला नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणं परवडत नाही. यंदा आम्ही फराळाची देवाणघेवाण डब्यांतून केली आणि डबे रिकामे परत पाठवायचे नाहीत ही जुनी रीतही पाळली. त्यात काही नवं नाही. मधल्या तीसेक वर्षांत आपण ती सोडली होती, इतकंच.

कचरा वेचणाऱ्या या बायकांचा पुण्यातला इतिहास मराठी वाचकाने ओळखीचा करून घ्यावा असा आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या उपक्रमातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या दोघी कचरावेचक स्त्रियांपर्यंत पोहोचल्या. अक्षरओळख करून द्यायला गेलेल्यांच्या लक्षात आलं, की या बायकांची पहिली मागणी साधी आहे: ओल्यात न कालवलेला, कोरडा कचरा हाती मिळावा. उकिरडे उपसत दिवसभर फिरण्यापेक्षा तो घराच्या दारातच वेगळा मिळाला, तर हात कापणार नाहीत, कुत्री मागे लागणार नाहीत आणि वस्तूला भावही बरा येईल. कचऱ्याचं वर्गीकरण ही कल्पना आज आपल्याला कायद्याच्या पुस्तकातून आल्यासारखी वाटते. पुण्यात ती त्याआधीच या बायकांच्या तोंडून ऐकू आली होती. १९९३ साली, हमाल पंचायत उभी करणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्या दशकातच महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पोलिसाने ‘चोर’ म्हणून हटकलं तर दाखवायला एक कार्ड, ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती हे ते कार्ड जपून ठेवलेल्या बायकाच सांगू शकतील.

पुढे याच कष्टकऱ्यांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. दोघीदोघींची जोडी, एक ढकलगाडी, ठरवून दिलेली घरं. घरटी महिन्याला ठरलेलं शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचं उत्पन्न हीच त्यांची कमाई. संस्थेचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत, बहुतेक स्त्रिया. वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर एक लाल ठिपका काढा, म्हणजे पुडकं उघडून पाहावं लागणार नाही, अशी मोहीम या संस्थेने चालवली. एक ठिपका. शाईचा, लिपस्टिकचा, कशाचाही. किती घरांनी तो काढला असेल? मी स्वतः तो काढायला लागले ते मोहिमेची बातमी वाचून तीन-चार वर्षं उलटल्यावर, हे इथे कबूल केलं पाहिजे. आणि ज्या संस्थेची उदाहरणं परदेशात दिली जातात, तिचा करार दर काही वर्षांनी शहरात अधांतरी लोंबकळतो. मोठ्या ठेकेदाराची मोठी गाडी आली की प्रश्न सुटेल असं वाटणारे लोक महापालिकेत आहेत आणि सोसायट्यांतही आहेत. पण गाडी सगळं एकत्र कोंबून घेऊन जाते. ती खोकं सोलत बसत नाही.

आजोळच्या उकिरड्याबद्दल एवढ्या जिव्हाळ्याने लिहिताना एक गोष्ट लपवून ठेवली तर ते खोटं होईल. परतीची वाट होती खरी, पण त्या वाटेवर कुणी चालायचं हे जातीने ठरवलेलं होतं. शिंदीची पाती कापून, सुकवून केरसुण्या बांधणं हे मातंग समाजाच्या वाट्याला आलेलं काम. मेलेलं जनावर ओढून नेणं महार समाजावर लादलेलं. लक्ष्मी म्हणून पाटावर बसणारी केरसुणी ज्या हातांनी बांधली, त्या हातांना त्याच घराची ओटी चढायची मुभा नव्हती. आज शहरात कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींची घरं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्या-मुंबईला आली. म्हणजे गावकुसाबाहेरचं काम शहरात आल्यावरही त्याच माणसांच्या अंगावर राहिलं. ‘आपले पूर्वज किती पर्यावरणस्नेही होते’ असं म्हणत जे गोडवे गायले जातात, त्यांत हे कधी येत नाही. आणि त्या काटकसरीचा घरातला भारही बाईनेच उचलला. राखेने भांडी घासणं, जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक बसवून गोधडीचे धावदोरे घालणं, शिळ्या भाकरीचे तुकडे फोडणीला टाकणं, हे सगळं तिच्या दुपारच्या डुलकीतून कापून घेतलेल्या वेळात व्हायचं. आता पुन्हा घर ‘शून्य कचरा’ करायचं ठरलं आणि ते सगळं एकट्या तिच्याच अंगावर पडणार असेल, तर त्यात जुन्या अन्यायाला नवं नाव देण्यापलीकडे काही होणार नाही.

झाडण्याचं काम असं जातीला चिकटवून ठेवण्यातला अन्याय महाराष्ट्रात फार आधी ज्यांना कळला ते गाडगेबाबा. १८७६ साली परीट समाजात जन्मलेला हा माणूस गावात पाऊल टाकताच हातात खराटा घ्यायचा आणि दिवसभर गल्ल्या झाडून काढायचा. रात्री त्याच गावकऱ्यांना कीर्तनात प्रश्न विचारून विचारून घाम फोडायचा. झाडण्याचं काम त्यांनी जातीच्या हातातून काढून संताच्या हातात दिलं. त्यांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. सरपंच, मास्तर, शेतकरी, बाया सगळे खराटे घेऊन. स्पर्धेचं बक्षीस मिळाल्यावर काही गावांत उत्साह ओसरला हेही खरं. पण आपल्या दारापुढची गल्ली आपण झाडायची, यात कमीपणा नाही, हे त्या वर्षांत महाराष्ट्राने एकदा तरी हाताने करून पाहिलं.

आमच्या सोसायटीची गोष्ट सांगते, कारण ती फार यशाची नाही. ओला कचरा आवारातच जिरवा असं महापालिकेने सांगितल्यावर आम्ही सभेत हात वर करून एक महागडं यंत्र घेतलं. विजेवर चालणारं. सकाळी कचरा टाकला की दुसऱ्या दिवशी तपकिरी भुसा बाहेर. सगळे खूश. दोन महिन्यांनी तो भुसा कुंड्यांना घातला, त्यावर पाणी पडलं आणि त्याला बुरशी चढून असा वास सुटला की तळमजल्यावरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. यंत्राने कचरा कुजवलाच नव्हता, नुसता वाळवला होता. वीज जाळून आम्ही कुजायचं काम पुढे ढकललं होतं. आता ते यंत्र जिन्याखाली उभं आहे.

त्यानंतर विटांचे दोन जाळीदार हौद बांधले. तेही पहिल्यांदा नासले. अळ्या झाल्या, पाणी सुटलं, सभेत आवाज चढले. तेव्हा ताईंनीच सांगितलं, “नुस्ती ओली भाजी टाकताय, तिला पाला नको व्हय?” आमच्याच आवारातल्या बदाम आणि आंब्याचा पाला माळी रोज कोपऱ्यात जाळत होता. एकीकडे धूर, दुसरीकडे दुर्गंधी, आणि दोन्हींचा उपाय एकमेकांत. ओल्या कचऱ्यात नत्र असतं, पाण्याचा अंश फार असतो; वाळक्या पाल्यात कर्ब असतो आणि तो मधे हवा खेळती ठेवतो. कचऱ्याच्या एका थरावर पाल्याचा जाड थर, आठवड्यातून एकदा फावड्याने खालीवर करणं, मूठभर जुनं खत विरजणासारखं. बस, एवढंच. विरजण हा शब्द ताईंचाच. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाने काही नागरिकांनी पाला जास्त असलेल्यांची आणि पाला हवा असलेल्यांची गाठ घालून द्यायला सुरुवात केली. आता आमच्याकडेही शेजारच्या बंगल्यातून पोती येतात. गच्चीवर बाग करणारे लोक तर पाल्याच्या पोत्याकडे माहेरच्या शिदोरीसारखं पाहतात.

त्यांना ही नजर कुणी दिली, हेही आठवायला हवं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर पेशाने गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ उभारून त्यांनी शेतकऱ्याला आणि शहरातल्या गृहिणीलाही सांगितलं, की सूर्यप्रकाश, पाला आणि घरातलं सांडपाणी एवढ्या भांडवलावर माती घडवता येते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी गोबर गॅसचा विचार उलटा करून पाहिला. जिवाणूंनाही आपल्यासारखंच अन्न लागतं, मग गाईच्या पोटातून आधीच पचून आलेलं शेण का, उरलेला भात का नको? त्यातून उरल्यासुरल्या अन्नावर चालणारं लहान संयंत्र तयार झालं आणि २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय अॅश्डेन पुरस्कार मिळाला. कोकणात वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा घराच्या दारातच वेगवेगळा घ्यायचा हट्ट धरला, आणि जिथे डेपो होता ती जागा लोक पाहायला जातात. गाव लहान म्हणून जमलं, असं मोठी शहरं म्हणतात. पण मोठं शहर म्हणजे तरी काय, पुष्कळ गल्ल्याच ना?

परतीची वाट कुजणाऱ्या गोष्टींपुरतीच नव्हती. आमच्या गावच्या देवळात एक खोली भांड्यांची होती. पातेली, घागरी, ताटं, वाट्या. गावात लग्न असलं की ती निघायची, जेवणावळ उठली की घासून, मोजून परत खोलीत. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं: अमक्याच्या स्मरणार्थ, अमकं साल. हरवलं तर कुणाचं हरवलं हे कळायचं, म्हणून हरवायचं नाही. आता तीच पंगत कागदी म्हणवणाऱ्या पण आतून प्लास्टिक लावलेल्या पत्रावळींवर उठते आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात दिसते. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या यांवर बंदी घातली. देशाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर. बंदी हवीच होती. पण ताटली बंद करताना ताटाची सोय कुणी पाहिली नाही. जिथे महिला बचत गटांनी किंवा गणेश मंडळांनी दोन-तीनशे ताटवाट्या घेऊन भाड्याने द्यायला सुरुवात केली, तिथे अंमलबजावणीला निरीक्षक लागला नाही. आमच्या मंडळाने यंदा वर्गणीतून दीडशे ताटं घेतली. त्यांवर नावं घालून घ्यावीत असा माझा आग्रह आहे.

दारावर येणारी बोहारीणही आता क्वचित दिसते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. दोन पँटी, तीन साड्या आणि एक जरीचा ब्लाउज यांच्या बदल्यात एक डबा, आणि त्या डब्यावरून तासभर हुज्जत. तिच्यामागे सबंध एक बाजार होता. धड कपडे शिवून-धुऊन पुन्हा अंगावर जायचे आणि फाटके पुसण्याच्या चिंध्या म्हणून कारखान्यांत. आपण जुना कपडा आता ‘दान’ करतो, म्हणजे पिशवीत कोंबून कुठल्यातरी पेटीत सोडून मोकळे होतो. बोहारणीसमोर कपडा उलगडून दाखवावा लागे. बटण तुटलंय, काखेत उसवलंय, हे ती बोट घालून दाखवायची. त्या हुज्जतीत कपड्याचं मोल दोघींना कळायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं किल्ला करायची, तोही मातीतून येऊन मातीत जायचा. दगड, विटांचे तुकडे, पोतं, त्यावर चिखलाचा हात, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची आणि पाडव्यापर्यंत ती हिरवी व्हायची. तुळशीचं लग्न झालं की किल्ला ढासळायचा आणि शिवाजी महाराज, मावळे, वाघ पेटीत जाऊन पुढच्या वर्षाची वाट पाहायचे. आता रस्त्याच्या कडेला प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. दोन वर्षांत त्यांचे बुरूज फुटतात आणि तो गोळा ना मातीत मिसळतो, ना कुणी विकत घेतो. किल्ला करायला जागा नाही, वेळ नाही, हे पालकांचं म्हणणं मला समजतं. पण नखात माती गेलेल्या मुलाला तटबंदी का ढासळते हे कळतं. तयार किल्ला आणलेल्याला त्याची किंमत तेवढी कळते.

वस्तू अनेक हातांतून फिरवण्याची एक रीत मात्र अजून टिकून आहे, ती दिवाळी अंकांची. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकांची प्रथा सुरू केली. तेव्हापासून हे अंक जितके विकत घेतले जातात त्याहून कितीतरी जास्त वाचले जातात, ते वाचनालयांच्या आणि शेजारपाजाऱ्यांच्या कृपेने. एक अंक दहा घरं फिरतो, त्याची पानं मऊ होतात, मुखपृष्ठ चिकटपट्टीने सांधलं जातं. प्रकाशकांना हे परवडत नसेल, पण आपल्या समाजाला वस्तू एकत्र वापरणं जमतं, याचा इतका गोड पुरावा दुसरा नाही. हाच न्याय ड्रिल मशीनला, शिडीला, मिक्सरच्या मोठ्या भांड्याला आणि लहान मुलांच्या सायकलींना लावायला काय हरकत आहे? आमच्या इमारतीत बारा घरांत मिळून अकरा शिड्या आहेत. मी मोजल्या.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ताईंनी चाचरत विचारलं, उद्या नाही आले तर चालेल का. भाऊ बारामतीकडे असतो, चार वर्षं झाली गेले नाही. दिवाळीत कचरा दुप्पट निघतो, म्हणून दर वर्षी त्यांची भाऊबीज हुकत होती, आणि आमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं. आम्ही ठरवलं, दोन दिवस आपापला ओला कचरा आपण स्वतः खाली आणायचा आणि हौदात टाकायचा. सुका घरातच ठेवायचा. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी, कॉलेजातली दोन मुलं, मी, असे सगळे बादल्या घेऊन जिन्यात एकमेकांना भेटत होतो. काही जणांना हौद नेमका कुठे आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाडव्याच्या पहाटे मी हौदाच्या कठड्यावर एक पणती ठेवली होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी पाहिलं तर शेजारी आणखी तीन होत्या. कुणी ठेवल्या ते विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या, पदरात भावाकडच्या करंज्यांचं पुडकं. ते माझ्या हातात देऊन त्या थेट हौदाकडे गेल्या. वरचा पाला बाजूला सारून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. थंडी पडू लागली होती आणि ढिगातून वाफ निघत होती. “गरम हाय,” त्या म्हणाल्या, “कामाला लागलंय. पण ह्या बाजूला पाला कमी टाकलाय तुम्ही. दोन पोती आणा.”